जिराफाचा कुम

या, असे जवळ सरकून बसा. कॉफी निवेल याची काळजी नको, रादोयका दुसरी टाकेल. मी तुम्हाला माझ्या कुमपणाची गोष्ट सांगणार आहे. अट एकच, मध्ये हसायचं नाही. हसू आलंच तर आतल्या आत जिरवा, कारण प्रसंग माझ्या इभ्रतीचा आहे, आणि इभ्रतीच्या प्रसंगात श्रोता हसला की सांगणाऱ्याचा सूर जातो. आमचे धर्मगुरू ओता हारितोन प्रवचन सांगता सांगता गाऊ लागतात, तेव्हा कुणी खोकलं तर ते थांबतात आणि त्याच्याकडे असं बघतात की त्याचा खोकला पुढचा आठवडाभर येत नाही. मला तसं बघता येत नाही, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

तर कुमपण. बाप्तिस्म्याच्या वेळी बाळ ज्याच्या हातात असतं तो कुम. बाळ नऊ महिने वाहते आई, रात्री जागतो बाप, पण नाव ठेवतो कुम. आमच्या भागातली जुनी रीत अशी की धर्मगुरूंनी विचारेपर्यंत ते नाव कुमाच्या पोटात राहतं, आईलासुद्धा कळत नाही. आणि हे कुमपण घराण्यात चालत येतं, थोरल्याकडून थोरल्याकडे. मी झिवादिन, धाकटा. आमच्याकडे तीन घराण्यांचं कुमपण होतं, ते सगळं माझ्या थोरल्या भावाकडे, क्रस्तिवोयदादाकडे गेलं. नऊ पोरांची नावं त्याने ठेवली आहेत. लग्नकार्यात तो टेबलाच्या टोकाशी मानाच्या खुर्चीवर बसतो, आणि मी दाराजवळ, जिथे येणारे-जाणारे आपले कोट माझ्या डोक्यावरून हात घालून खुंटीला लावतात. सहासष्ट वर्षांत मी कुणाचंही नाव ठेवलेलं नाही. आमच्या मांजराचं नाव रादोयकाने ठेवलं, तेसुद्धा मी कचेरीत असताना.

गेल्या वर्षी आमच्या प्राणिसंग्रहालयात आफ्रिका उघडली. आधी तिथे दोन अस्वलं आणि एक चिडका उंट होता. आता कुंपण पाडून मोठं माळरान केलं, सिमेंटचं एक अगडबंब झाड उभं केलं, झेब्रे आणले, शहामृगं आणली, पाणघोड्यासाठी तळं खोदलं, आणि खंदकापलीकडे जिराफ. रादोयका म्हणाली, "मला जिराफ बघायचा आहे." अडतीस वर्षांच्या संसारात तिने मागितलेली ही तिसरी गोष्ट. पहिली शिवणयंत्र होतं, दुसरी मी घोरणं बंद करावं अशी होती. म्हटलं, चला.

आमच्या जिन्यात गुपित राहत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या पेर्सिदाकाकू दारातच उभ्या होत्या, हॅट घालून. "पाणघोडा बघायचा असेल तर सकाळी जा," म्हणाल्या, "दुपारी तो नसतो."

"नसतो म्हणजे? कुठे जातो?"

"पाण्याखाली जातो. माझी भाची दोन तास उभी होती, दोन कान दिसले. तेसुद्धा एका वेळी एक."

काकू आल्याच. आम्ही पाणघोड्यापाशी दीड तास उभे राहिलो आणि आम्हाला एक नाकपुडी दिसली. काकूंनी ती भाचीच्या कानांपेक्षा वरचढ ठरवली आणि समाधानाने पुढे निघाल्या. शहामृगापाशी त्या वाकून त्याला सांगत होत्या की तुझे पाय माझ्या नणंदेसारखे आहेत, तेवढ्यात त्याने त्यांच्या हॅटवरची चेरी नेली. कापडी होती. काकू म्हणाल्या, "बघा, रागसुद्धा तिच्यासारखाच." झेब्र्यांपुढे रादोयका थांबली आणि म्हणाली, "इतका नेटका शिंपी आपल्याकडे असता तर." ती जगाकडे शिवणीच्या अंगाने बघते. मी जुन्या भूमापन कचेरीतला माणूस, मी हद्दींच्या अंगाने बघतो. माझ्या नजरेने जिराफांचं आवार साधारण चार हजार चौरस मीटर भरलं, उत्तरेकडची बाजू किंचित तिरकी.

आणि त्या तिरक्या बाजूला, आईच्या चार पायांच्या मध्ये, एक पिल्लू उभं होतं. वय नऊ दिवस, उंची माझ्याहून वीतभर जास्त. पाय असे, की देवाने आधी पाय केले आणि मग त्यांवर काय ठेवावं याचा विचार केला. ते एक पाऊल टाकायचं आणि उरलेल्या तीन पायांना त्याची बातमी उशिरा लागायची. रादोयकाने माझा हात धरला. असा हात तिने यापूर्वी धरला होता तो भूकंपात.

कुंपणाला पाटी होती: "पिल्लासाठी कुम हवा. अर्ज पेटीत टाकावा."

आता तुम्हीच सांगा. आमच्यात कुमपण मागितलं तर नाही म्हणता येत नाही. नाही म्हणणाऱ्याच्या दारावरून लोक थुंकून जातात. आणि इथे तर लेखी मागितलं होतं. मी अर्ज भरला, पेटीत टाकला, आणि तीन आठवड्यांनी पत्र आलं. चिठ्ठ्या टाकून माझी निवड झाली होती. नाव ठेवण्याचा समारंभ मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी, अकरा वाजता. खाली बारीक अक्षरात: नाव पंधरा दिवस आधी तीन प्रतींत सादर करावं, सोबत निरोगीपणाचा दाखला जोडावा.

मी ते पत्र घेऊन आमच्या जिन्याने चार मजले चढलो आणि पुन्हा उतरलो. राहतो मी पहिल्या मजल्यावर.

निरोगीपणाचा दाखला मिळवायला अडीच दिवस गेले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "याआधी जनावरांच्या सहवासात कधी होतात का?" मी म्हटलं, "भूमापन कचेरीत अडतीस वर्षं." त्यांनी मान हलवली आणि लिहून घेतलं. दाखल्यावर तो उल्लेख अजून आहे.

मग दादाला फोन केला. वाटलं, भाऊ आहे, आनंद होईल. दादाने आधी पिल्लाची उंची विचारून घेतली. मग म्हणाला, "बाळाला हातात कसं घेणार? शिडी आणणार?"

"तसं हातात घ्यायचं नसतं, दादा. नाव ठेवायचं असतं."

"बरं. बोलवायला कोण आलं होतं?"

"पत्र आलं."

"झिवादिन," दादा म्हणाला, आणि असा आवाज त्याने वडिलांच्या अंत्यविधीलासुद्धा काढला नव्हता, "कुमाला बोलवायला घरचं माणूस येतं. हातात पाव, काखेत घरी गाळलेल्या राकियाची बाटली. उंबऱ्यात उभं राहून म्हणतं, देवाच्या आणि संत योव्हानच्या नावाने, आमचे कुम व्हा. मग कुम पाव मोडतो, आणि मग तो कुम होतो. तुला टपालाने कळवलं. टपालाने विजेचं बिल येतं."

मी फोन ठेवला. रादोयकाने बटाटे सोलणं थांबवलं नाही, पण साल जाड निघायला लागली, त्यावरून मला कळलं की तिने ऐकलं होतं.

दादाचं बोलणं लागलं, कारण ते खरं होतं. उभा जन्म ज्याची वाट पाहिली ती गोष्ट आली, आणि आली ती अशी पाकिटातून. दुसऱ्या दिवशी मी प्राणिसंग्रहालयाच्या कचेरीत गेलो. व्यवस्थापक वेलिबोरसाहेब हे एक गुळगुळीत, सभ्य गृहस्थ. त्यांच्या टेबलावर तीन शिक्के होते आणि ते बोलताना त्यांची जागा बदलत.

मी विचारलं, "पाव घेऊन कोण येणार?"

"कसला पाव?"

मी समजावून सांगितलं. त्यांनी नियमावली उघडली, पानं उलटली, बंद केली. "यात पाव नाही."

"बाळाचा बाप आला तरी चालेल."

"बाप हंगेरीत आहे. दुसऱ्या संग्रहालयात. देवाणघेवाणीवर आला होता."

"मग आईकडचं कुणी."

"झिवादिनकाका, आई जिराफ आहे." त्यांनी शिक्का उचलून डावीकडे ठेवला. "ते राहू द्या. नाव आणलंत? तीन प्रतींत?"

"नाव आधी सांगत नाहीत."

"बोर्ड रंगवायचा आहे."

"रंगाऱ्याला ब्रश घेऊन उभं करा. मी उच्चारलं की तो रंगवेल."

"कोरड्या बोर्डाचं उद्घाटन मी कसं करू?"

"बाळाचं नाव आईला आधी कळत नाही, तर ते तुम्हाला का कळावं?" मी म्हटलं, आणि उठलो. दारात माझा कोट कडीला अडकला, त्यामुळे बाहेर पडण्यात हवा तेवढा डौल राहिला नाही.

त्या रविवारी मी ओता हारितोनना गाठलं. मी देवळात डाव्या बाजूच्या गायकांत उभा असतो, त्यामुळे मला त्यांच्यापाशी जाता येतं. विचारलं, ख्रिस्ती माणसाने जिराफाचा कुम व्हावं की नाही. ओतांनी दाढी कुरवाळली. "बाप्तिस्मा मी देणार नाही," म्हणाले, "पण नाव ठेवायला कोण अडवतं? आदामाने तर सगळ्यांचीच ठेवली." एवढं बोलले, आणि त्यांचे डोळे मिटले, आणि मला कळलं की आता गाणं येणार. देवाने एकेक जीव आदामापुढे आणला, असं ते गाऊ लागले. चालणारा आणला, उडणारा आणला, आणि आदामाने ज्याला जे म्हटलं ते त्याचं नाव झालं. रिकाम्या देवळात तो सूर घुमटापर्यंत गेला आणि परत आला. मेणबत्त्या विकणाऱ्या बाई सुटे पैसे हातात धरून थांबल्या. मला रडू आलं. आदामाकडे कुणी तीन प्रती मागितल्या नव्हत्या, हे ओता म्हणाले नाहीत, ते माझं मी जोडून घेतलं.

पण पावाचं काय? समारंभाला तीन दिवस उरले आणि मी ठरवलं की न जाणंच बरं. बिलासारखं बोलावणं आलेला कुम, त्याने तिथे उभं राहावं तरी कोणत्या तोंडाने?

गुरुवारी दुपारी दारावरची घंटा वाजली. दारात एक तिशीची बाई, हिरव्या गणवेशात, गमबूट घातलेली, केसांत गवताची काडी. आमच्या जिन्यात एकदम माळरानाचा वास भरला. जिराफांची देखभाल करणारी, नाव दुन्या. तिच्या हातात पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेला पाव होता, एका बाजूने काळपट, आणि काखेत बाटली.

"मला हे बोलता नीट येत नाही," ती म्हणाली, "आजोबांना फोन करून विचारून आले." मग उंबऱ्यात सरळ उभी राहिली. "कुमसाहेब, देवाच्या आणि संत योव्हानच्या नावाने, आमच्या बाळाचे कुम व्हा."

मी तिच्या हातातल्या पावाकडेच बघत राहिलो. रादोयकाने मागून कोपराने ढोसलं.

"व्यवस्थापकांनी पाठवलं?" मी विचारलं.

"त्यांना ठाऊक नाही. ते कचेरीत सगळ्यांना सांगत होते, एक म्हातारा पाव मागायला आला होता म्हणून. सगळे हसले." तिने केसांतली गवताची काडी काढली. "पिल्लू जन्मलं तेव्हा पहाटे मी एकटी होते तिथे. ते माझ्या बुटावर पडलं. तेव्हा घरचं माणूस मीच, असं मला वाटलं."

आम्ही तिला आत बसवलं. रादोयकाने जर्दाळूचा मुरांबा आणि गार पाणी पुढे ठेवलं. मी पाव मोडला. जळका भाग माझ्या वाट्याला आला, आणि त्यापेक्षा चांगला पाव मी खाल्लेला नाही. पेर्सिदाकाकू मीठ मागायला आल्या, तुकडा खाल्ला, आणि संध्याकाळपर्यंत चारही मजल्यांना कळलं की झिवादिन रीतसर कुम झाला.

आता रीतसर कुम म्हटलं की सगळं रीतसर. कोटाला रोझमेरीची काडी, रादोयकाने टाचलेली. पितळी वाद्यांचं पथक, पाच जणांचं, पेर्सिदाकाकूंच्या ओळखीचं. आणि खिशात नाणी. कारण कुम देवळातून निघाला की पोरं ओरडतात, "कुमसाहेब, थैली जळाली," आणि कुमाने मूठ भरून नाणी उधळायची. जो हात आखडता घेतो, त्याचं नाव पोरं म्हातारपणापर्यंत विसरत नाहीत.

रविवार उजाडला, लखलखीत. आफ्रिकेत उभं राहायला जागा नव्हती. आमचा सगळा जिना आला होता. क्रस्तिवोयदादा आला होता, काळ्या सुटात, हात मागे बांधून, तपासणीला आल्यासारखा. वेलिबोरसाहेबांनी पथक बघितलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. "एक सूर निघाला तरी झेब्रे कुंपण तोडतील," म्हणाले. मग ठरलं की पथक उभं राहील, पण वाजवणार नाही. पाच जण वाद्यं घेऊन माझ्या मागे गप्प उभे राहिले. सगळ्यात मागे स्रेतेन, अंगाभोवती वेटोळं घातलेला मोठा हेलिकोन घेऊन, त्याचं परातीएवढं तोंड आभाळाकडे. बोर्ड कोरा होता. शेजारी रंगारी ब्रश घेऊन उभा होता, म्हणजे तेवढं माझं ऐकलं होतं.

पिल्लू आईच्या मागून आमच्याकडे बघत होतं. आता ते बरंच उंच झालं होतं आणि पायांची एकमेकांशी ओळख झाली होती. दुन्या फाटकाशी उभी राहून मला डोळ्यांनी धीर देत होती. मनात नाव तयार होतं: सिमोनिदा. एका जुन्या राणीचं. तीन आठवडे न्हाणीघरात मी ते देवळातल्या चालीत म्हणून पाहिलं होतं.

मी घसा खाकरला. आणि गर्दीतलं कुठलं तरी पोर ओरडलं, "कुमसाहेब, थैली जळाली."

मग सगळीच ओरडली.

माझ्या डाव्या हाताला दादा उभा होता. तो तिथे नसता तर मी कदाचित खालून, बेताने टाकली असती. पण नऊ पोरांचा कुम बघत होता. मी खिशात हात घातला, मूठ भरली, आणि शेतकरी गहू पेरतो तशी पूर्ण हाताने, गोल फिरवून उधळली. पहिली मूठ पोरांवर पडली. दुसरी पोरांवर, पथकावर आणि काकूंच्या हॅटवर. तिसरीला माझा उत्साह इतका वाढला होता की ती पोरांवरून गेली, कठड्यावरून गेली, खंदकावरून गेली, आणि उन्हात चमकत जिराफांच्या वाळूत पडली.

पिल्लाने मान खाली घातली. त्याला चमकणाऱ्या गोष्टी आवडतात, हे तेव्हा कळलं.

दुन्याची शिटी वाजली. ती कशी धावली ते मला दिसलंच नाही. दिसलं ते एवढंच, की ती पिल्लाच्या तोंडापाशी आडवी पडली होती आणि वाळूतलं नाणं तिच्या मुठीत होतं. मग आई आणि पिल्लू यांना आत घरात घेतलं, दार लावलं. वेलिबोरसाहेब माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

"धातू पोटात गेला तर जनावर जातं," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखर कापत होता. "किती नाणी होती?"

माझ्या तोंडातून निघालं ते हेच: "कुम मोजत नाही."

"काका, किती?"

"कुम मोजत नाही. मोजून उधळणारा कुम कसला?"

"साठ," रादोयका म्हणाली. "बेकरीतून मोडून मीच आणली. कुम मोजत नाही, कुमाची बायको मोजते."

मग जे झालं ते आमच्या शहरात अजून सांगतात. पोरांनी वेचलेली नाणी पेर्सिदाकाकूंच्या हॅटमध्ये गोळा झाली. पोरं कुरकुरली, पण काकूंनी बघितल्यावर दिली. उरलेली वाळूत. सगळ्यांना बूट काढायला लावले, आणि आमचा आख्खा जिना आफ्रिकेत उतरला. रविवारच्या कपड्यांत, गुडघ्यांवर, ओळीने. भूमापनाचा अनुभव इथे कामी आला. मी दोऱ्यांनी जमिनीचे पट्टे पाडून दिले, प्रत्येकाला एक. तिसऱ्या पट्ट्यात दादा होता.

"नऊ पोरांचा कुम झालो," तो वाळू चाळत म्हणाला, "शेणात एकदाही बसलो नाही."

"ते शेण नाही, दादा, लेंड्या आहेत."

"तुझ्या बाळाच्या?"

"हो."

"मग ठीक आहे," दादा म्हणाला आणि चाळत राहिला.

झेब्रे शेजारच्या कुंपणाशी रांगेने उभे राहून आमच्याकडे बघत होते. तिकीट काढून आत आलेल्या एका आजोबांनी विचारलं, हे कोणत्या देशातले. पाणघोडा, काकू शपथेवर सांगतात, त्या दिवशी छातीपर्यंत पाण्याबाहेर आला होता, आणि आम्ही सगळे खाली मान घालून असल्यामुळे कुणीच बघितलं नाही.

दोन तासांनी एकोणसाठ झाली. साठावं सापडेना. वाळू तीनदा चाळली. वेलिबोरसाहेब कठड्याशी आले.

"सापडेपर्यंत जिराफ बाहेर येणार नाहीत," ते म्हणाले. "आणि काका, माफ करा, तुमचं कुमपण रद्द. मला तसा अधिकार आहे, नियम सतरा. बोर्डावर आम्ही क्रमांक टाकू."

मी वाळूत गुडघ्यांवर होतो, आणि उठावंसं वाटेना. एकदाच आयुष्यात कुणी मला कुम म्हटलं, आणि मी त्या बाळाच्या पुढ्यात विष पेरलं. रादोयका माझ्याजवळ आली. तिने नुसती माझ्या कोटावरची काडी सरळ केली.

मग दुन्या उठली. कोपरं खरचटलेली, अंगभर वाळू.

"ते रद्द होत नाही, साहेब," ती म्हणाली.

"नियम सतरा."

"मी त्यांच्या घरी पाव नेला. त्यांनी मोडला. मोडलेला पाव परत जोडता येत असेल तर करा रद्द." ती हळूच बोलत होती, भांडत नव्हती. "आणि कामावरून काढायचं तर मला काढा. पाव मी नेला होता."

वेलिबोरसाहेबांनी खिशात हात घातला; बहुधा शिक्का शोधत होते. मग त्यांनी आमच्याकडे बघितलं, चाळीस माणसं, अनवाणी, गुडघ्यांवर. तेही इथलेच. त्यांच्या घरीही कुणीतरी कधीतरी पाव मोडला असणार.

"पण नाणं," ते म्हणाले. आवाज मऊ झाला होता.

या सगळ्यात हेलिकोनवाला स्रेतेन एका दगडावर बसला होता. एवढं वाद्य अंगावर घेऊन वाकता येत नाही, म्हणून त्याला शोधायला लावलं नव्हतं. दोन तास तोंड बंद ठेवून तो कंटाळला होता, आणि सगळ्यांचे पडलेले चेहरे बघून त्याने एक अगदी हलका सूर काढला, कुणी बाळाच्या पाठीवर थोपटावं तसा.

मी चाळीस वर्षं डाव्या बाजूला उभा राहून गातो. कान सांगतो. "स्रेतेन," मी म्हटलं, "पुन्हा काढ."

त्याने काढला. सुराच्या तळाशी काहीतरी कुरकुरत होतं.

"तुझं वाद्य बिघडलंय का?"

"सकाळी नव्हतं बिघडलं."

आम्ही चौघांनी मिळून स्रेतेनला हेलिकोनसकट उलटं केलं. एकदा हलवलं, दोनदा हलवलं, आणि साठावं नाणं वेटोळ्यातून खणखणत बाहेर येऊन रादोयकाच्या पायाशी पडलं. ती वाकली, उचललं, पदरच्या पैशासारखं पाकिटात टाकलं. "साठ," म्हणाली.

त्यानंतर आम्हाला बाहेर काढून वेलिबोरसाहेबांनीच दार उघडायला सांगितलं. जिराफ बाहेर आले. दुन्याने पिल्लाला फाटकापर्यंत आणलं. त्याने मान खाली केली, माझ्या टकलाचा वास घेतला, आणि काळी, खरबरीत, लांबलचक जीभ एकदाच फिरवली. बाप्तिस्म्यात धर्मगुरू तेल लावतात त्याहून कमी गंभीरपणे, पण नेमक्या जागी.

"कुमसाहेब," वेलिबोरसाहेब सगळ्यांपुढे म्हणाले, आणि हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच आला, "नाव सांगा."

मी तोंड उघडलं. सिमोनिदा जिभेवर होतं, चालीसकट. समोर ती उभी होती, केसांत वाळू, एक बूट कुठेतरी हरवलेला, पिल्लाच्या मानेवर हात. राणी वगैरे सगळं माझ्या डोक्यातून उतरलं. आणि मी गायलो, ओतांच्या चालीत, जेवढा आवाज आहे तेवढ्याने:

"दुन्या."

झेब्र्यांनी कुंपण तोडलं नाही.

"ते माझं नाव आहे," दुन्या म्हणाली.

"माहीत आहे."

"पण मला विचारायचं तरी."

"घरच्यांना विचारत नाहीत," मी म्हटलं. "कळायचं तेव्हा कळतं."

ती हसली आणि रडली, दोन्ही एकाच तोंडाने, आणि पिल्लाच्या मानेत डोकं खुपसून बराच वेळ बाहेर आली नाही. रंगाऱ्याने बोर्ड लिहायला घेतला. छोटं नाव आहे म्हणून त्याला बरं वाटलं. दादा माझ्याकडे आला. गुडघ्यांवर दोन गोल डाग, मिशीत वाळू. त्याने माझी तीनदा गळाभेट घेतली, मग मागे होऊन मला नीट बघितलं आणि म्हणाला, "मी नऊ वेळा आधी ठरवलेलंच सांगितलं. तिथे उभं राहून बदलायची हिंमत मला झाली नसती, कुमसाहेब."

एवढीच गोष्ट. तुम्ही बऱ्यापैकी हसू जिरवलंत, आभारी आहे.

आता माझं एक काम करा. रविवारी देवळात जाल तेव्हा वाळू भरलेल्या वरच्या ताटात, जिवंतांसाठी लावतात तिथे, एक मेणबत्ती दुन्यासाठी लावा. प्रार्थनेच्या चिठ्ठीवर नाव लिहून दिलंत तर ओता हारितोन विचारतील, ही कोणती. सांगा, पाव भाजणारी. दुसरीची मान लांब आहे, ती देवाला आपोआप दिसते.